विदर्भ ‘मध्य’ की ‘पश्चिम’? खेळाच्या गटांमागे दडलेला इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला संग्रामपूर तालुका आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. येथील महाविद्यालयातला एखादा गोलंदाज अमरावती विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो ‘पश्चिम विभागा’त खेळतो. तोच पुढे विदर्भाकडून चमकला आणि दुलीप करंडकाच्या विभागीय संघात गेला, तर तो संघ असतो ‘मध्य विभाग’. गाव एकच, दिशा दोन. हे कसे घडले?

२/ कोणता संघ कोणत्या गटात खेळणार, हे भूगोलावरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गट ज्या काळी आखला जातो, त्या काळची राज्यव्यवस्था त्यात उतरते. पुढे राज्ये बदलतात, सीमा सरकतात. गट मात्र कधी त्यांच्यामागे जातो, कधी जागच्या जागी राहतो. वऱ्हाडाने हे दोन्ही प्रकार अनुभवले.

३/ १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. मराठीभाषक वऱ्हाड आणि जबलपूर, सागरसारखे हिंदीभाषक जिल्हे यांचा कारभार नागपूरहून चालू लागला. या प्रशासकीय सोयीची छाया पुढे शिक्षणावर आणि खेळावरही पडली.

४/ प्रथम विद्यापीठे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. ऑगस्ट १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. १९४६ मध्ये सागर येथे स्वतंत्र विद्यापीठ निघाले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. आज बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले.

५/ दर वेळी महाविद्यालयाची इमारत तीच, मैदान तेच. बदलले ते प्रतिस्पर्धी. १९८३ पूर्वी अकोल्याचा खेळाडू नागपूर विद्यापीठाच्या संघात जागा मिळवण्यासाठी झगडत असे. त्यानंतर नागपूर हाच समोरचा संघ झाला. संलग्नता बदलण्याचा निर्णय शासनाचा होता. खेळाडूंना कोणी विचारले नव्हते.

६/ अमेरिकेत हा निर्णय महाविद्यालये स्वतः घेतात. तेथे त्यांचे क्रीडासंघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. १८९६ मध्ये सात संस्थांनी सुरू केलेल्या गटाला पुढे ‘बिग टेन’ हे नाव मिळाले. २०२४ मध्ये त्याची सदस्यसंख्या अठरा झाली. नाव मात्र अजून ‘दहा’च. त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात गेले. या स्थलांतरांमागची मोठी प्रेरणा दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा.

७/ आता क्रिकेटकडे येऊ. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा संस्थाने आणि ब्रिटिश प्रांत एकाच यादीत होते. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हाही एक संघ होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले; त्यांची रणजीतील मोठी कारकीर्द मात्र इंदूरच्या होळकर संघाकडून घडली. त्या संघाने चार वेळा करंडक जिंकला आणि १९५४-५५ नंतर तो यादीतून नाहीसा झाला. संस्थाने गेली, त्यांचे संघही गेले.

८/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १९५७-५८ च्या हंगामात ‘विदर्भ’ नावाचा संघ रणजीत उतरला. राज्य मुंबई, पण विभाग मध्य! मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र हे संघ पश्चिमेत. विदर्भ मात्र मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या सोबत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तरी ही रचना हलली नाही.

९/ याचा खेळावर काय परिणाम झाला? त्या काळी प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जाई. पश्चिमेत गेला असता, तर विदर्भासमोर १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक जिंकणारी मुंबई उभी असती. मध्य विभागात वाट अडवायला वारंवार अंतिम फेरी गाठणारा राजस्थान होता. गट कोणताही असो, दुबळ्या संघाची वाट बिकटच होती.

१०/ २००२-०३ पासून रणजीतील विभागीय साखळी संपली. एलिट आणि प्लेट असे गट आले, म्हणजे गुणवत्तेनुसार वाटणी. विदर्भाने प्लेट गटात बरीच वर्षे काढली.

११/ खरे संकट २०१६ मध्ये आले. न्यायमूर्ती लोढा समितीची ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली. महाराष्ट्रात तर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन सदस्य! तिघांनी एकच मत आळीपाळीने वापरायचे, असा त्याचा अर्थ होता. १९५६ मध्ये बदललेली सीमा साठ वर्षांनी विदर्भाच्या दाराशी येऊन ठेपली.

१२/ हा प्रश्न अनिर्णित असतानाच, जानेवारी २०१८ मध्ये, फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीला नमवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. सामना झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, म्हणजे यादीतून पुसल्या गेलेल्या संघाचे नाव मिरवणाऱ्या मैदानावर. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम केले. पुढच्याच हंगामात रणजीत नऊ नवे संघ दाखल झाले, संघसंख्या ३७ झाली आणि करंडक पुन्हा विदर्भानेच राखला.

१३/ तेव्हा संग्रामपूरच्या त्या गोलंदाजाच्या दोन दिशांत विसंगती नाही. विद्यापीठांच्या विभागणीत महाराष्ट्र राज्याची आजची सीमा धरली आहे, म्हणून तो ‘पश्चिम’. क्रिकेटच्या विभागात नागपूर राजधानी असलेला जुना प्रांत टिकून आहे, म्हणून तो ‘मध्य’. स्पर्धेची कोणतीही सदस्ययादी हाती आली की आधी तिचे साल पाहावे. पुसल्या गेलेल्या सीमा पुष्कळदा तेथेच सापडतात.