दोन तारा की पाच?

आमच्या नेर परसोपंतला घर तापवावे लागत नाही. मे महिन्यात ते आपोआप तापते. थंडीचे जे काही दिवस येतात त्यांना शेकोटी आणि गोधडी पुरते. म्हणून भाच्याने अमेरिकेतल्या मिनीआपोलिसहून फोनवर विचारले, ‘मामू, घरात नवा थर्मोस्टॅट बसवतोय. दोन तारांची केबल टाकू की पाच तारांची?’ तेव्हा मला हसूच आले. मी बी.ए. झालेला कवी माणूस. प्रश्न खरे तर माझ्या थोरल्या भावासाठी होता. ते पंखे-मोटारींचे वाइंडिंग करतात. पण त्या तारांचा इतिहास मी शोधला, आणि तो ऐकण्यासारखा निघाला.

सुरुवात एका वर्गात होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरेन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. थंडीत शिपाई पुन्हा पुन्हा वर्गात येई, तापमान बघे आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करी. शिकवण्यात सारखा व्यत्यय! जॉन्सन यांनी वर्गात एक विजेचे साधन बसवले; खोली गार झाली की तळघरात शिपायाला इशारा मिळे. 1883 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे ती पहिली तार भट्टीकडे नव्हे, माणसाकडे जात होती. पुढे दोनच वर्षांनी, भाच्याच्याच मिनीआपोलिसमध्ये, आल्बर्ट बुट्झ यांनी शिपायालाही रजा दिली. खोली गारठली की छोटी मोटर साखळीने भट्टीची झडप उघडू लागली. पुढे हनीवेल झाली ती याच धंद्यातून.

जुन्या थर्मोस्टॅटच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असे. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि खटका पडतो. आपल्या इस्त्रीतही हीच युक्ती. खटक्याला दोन तारा पुरतात. थंड हवेचे यंत्र आले तशी तिसरी लागली, पंख्यासाठी चौथी. पुढे पडदा आणि वायफाय असलेले थर्मोस्टॅट बाजारात आले. त्यांना स्वतःलाच सतत वीज हवी, म्हणून पाचवी, ‘कॉमन’ तार. जुन्या कित्येक घरांच्या भिंतीत ती नाहीच.

‘पाच टाक, बेटा,’ भाऊ म्हणाले. ‘आज लागो न लागो. तार स्वस्त असते, भिंत फोडणं महाग.’

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारले, ‘आणि आपल्या कूलरला किती?’

आमच्या कूलरला थर्मोस्टॅट नाही. ते काम अम्मी करायची. पहाटे गारवा वाढला की उठून पंप बंद करायची. पण तारा तीन हव्यात. तिकडे थर्मोस्टॅटच्या तारांत बहुधा 24 व्होल्ट असतात, हात लागला तरी सहसा काही होत नाही. इथे 230 व्होल्ट, पत्र्याची पेटी आणि आत पाणी. तिसरी हिरवी तार रोज काहीच करत नाही. वायर झिजून वीज पत्र्यात उतरली, की तीच ती जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो.

काही उन्हाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीतला एक तरणा मुलगा कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना चिकटला. त्या कूलरलाही तिसरी तार होती. बोर्डाला अर्थिंग नाही म्हणून कुणीतरी ती प्लगजवळ कापून टाकली होती. मय्यतीला मी होतो. तरी घरी येऊन आमचा प्लग पाहिला नव्हता.

त्या दिवशी पाहिला. पिना दोन.

दुसऱ्या दिवशी भावाने अंगणात खड्डा खणून घेतला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरले आणि हिरवी तार बोर्डापर्यंत आणली. आता मी पाणी भरण्याआधी प्लग काढतो. शेजारच्या घरी तेवढे सांगून आलो. त्यांचाही प्लग दोन पिनांचाच निघाला.