सात तासांचा खड्डा

आमच्याकडे दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागते. रोज ८ तास, प्रोजेक्ट कोड अमुक अमुक, आणि त्यावर क्लायंटला तासाप्रमाणे बिल. त्या ८ तासांत मी किती कोड लिहिला हे टाइमशीट विचारत नाही (विचारत नाही तेच बरं!). आमच्या रिसोडकडची जुनी माणसं मात्र रोजगार हमीच्या कामांबद्दल बोलतात तेव्हा तासांचं नावही काढत नाहीत. खड्डा किती झाला, एवढंच.

थोडा इतिहास. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला याचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. एवढ्यांचे तास मोजणार कोण? कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तोच तो. 

आता गंमत बघा. तास गायब नव्हते, ते दरपत्रकात लपलेले होते. सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने ७ तास नेटाने काम केलं तर किमान मजुरी पडावी, असे दर बांधायचे, हे तत्त्व. केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या मूळ अनुसूचीतही ७ तासच होते. माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे, माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली त्याचे वेगळे. खड्ड्यात मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते मोजताना कळतं.

समजा, मुरमात एका माणसाचे ७ तास म्हणजे २ घनमीटर धरले. पाच जणांच्या टोळीचे १० व्हायला हवेत. मुरूम धरल्यापेक्षा टणक निघाला आणि ७ च झाले, तर मजुरी ७० टक्के. मस्टरवर मात्र पाचही जण दिवसभर हजर! हा 'सर्वसाधारण माणूस' कोण, हा खरा प्रश्न. टोळीत म्हातारे असतात, अंगावर पिणारं मूल घेऊन आलेली बाई असते. दरपत्रकाला ते दिसत नाहीत. आमच्या एस्टिमेटमध्येही असाच एक सरासरी प्रोग्रामर असतो म्हणा, पण त्याच्यापेक्षा मी हळू निघालो म्हणून माझा पगार कापत नाहीत.

बरं, मजुरी १५ दिवसांत द्यायची असं कायदा सांगतो. पण मोजमाप होऊन मेजरमेंट बुकात चढल्याशिवाय रक्कमच ठरत नाही. मोजणारे साहेब आठवड्याने आले, तर तोवर आपले किती झाले हे राबणाऱ्याला ठाऊक नसायचं. आणि मधेच अवकाळी पाऊस पडून खड्डा गाळाने भरला, तर मग मोजायचं काय?