गांजाची ब्राउनी : दुसऱ्या तुकड्याची घाई नडते

लोणी, साखर, मैदा, कोको आणि गांजा. ही यादी भारतात थेट पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते. कॅनडात मात्र ती प्रौढ नागरिकाच्या स्वयंपाकघरात कायद्याने चालते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि बरोबर एका वर्षाने गांजायुक्त खाद्यपदार्थांच्या उत्पादनाला व विक्रीलाही परवानगी दिली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तर २१ वर्षांवरील कोणालाही असे पदार्थ १ जानेवारी २०१४ पासूनच दुकानांत मिळू लागले होते.

टोरोंटो, व्हँकुव्हर किंवा डेन्व्हर येथे शिक्षणासाठी, नोकरीसाठी गेलेल्या मराठी तरुणांच्या समोर ही ब्राउनी कधी ना कधी येते. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांच्या समोरही ती येऊ शकते. दिसायला आणि चवीला ती साध्या केकसारखीच असते. तिचे शरीरातील काम मात्र वेगळ्या गतीने चालते. ही गती ठाऊक नसल्याने बहुतेक अपघात घडतात.

पाककृतीचा प्रवास

गांजाचा खाऊ पाश्चात्त्य स्वयंपाकघरात पोहोचला, त्याचे श्रेय बहुधा 'अॅलिस बी. टोकलस कुकबुक' या १९५४ च्या पुस्तकाला दिले जाते. चित्रकार ब्रायन गायसिन यांनी टोकलस यांना कळविलेली 'हशीश फज'ची कृती त्यात होती. सुका मेवा आणि मसाल्यांची ती एक वडी होती. तिला भट्टी लागत नसे. ब्राउनीशी हे नाव जोडले गेले ते १९६८ मधील एका हॉलिवूडपटामुळे.

या ब्राउनीला वेगळी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी जेन रॅथबन यांनी. 'ब्राउनी मेरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वृद्धा सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये स्वयंसेविका होत्या. मळमळ आणि भूक मंदावणे यांनी गांजलेल्या एड्सच्या रुग्णांना त्या घरी भाजलेल्या ब्राउनी विनामूल्य देत. १९८१, १९८२ आणि १९९२ अशी तीनदा त्यांना अटक झाली. वैद्यकीय वापराला मान्यता देणारा कॅलिफोर्नियातील 'प्रपोझिशन २१५' हा प्रस्ताव १९९६ मध्ये संमत झाला, त्यामागील चळवळीत त्यांचा वाटा मोठा होता.

ओढणे वेगळे, खाणे वेगळे

गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी. धुरावाटे घेतल्यास ते फुप्फुसांतून रक्तात जाते आणि काही मिनिटांतच परिणाम जाणवतो. खाल्ल्यावर त्याला पोट, आतडी आणि यकृत असा लांबचा मार्ग काटावा लागतो. यकृतात टीएचसीच्या काही भागाचे '११-हायड्रॉक्सी-टीएचसी' या द्रव्यात रूपांतर होते. तेही नशा आणणारे असून मेंदूपर्यंत सहज पोहोचते. त्यामुळे खाल्लेल्या गांजाचा अंमल उशिरा सुरू होतो आणि बराच काळ टिकतो.

कॅनडाच्या आरोग्य खात्याने नागरिकांना दिलेल्या माहितीनुसार परिणाम सुरू होण्यास अर्धा ते दोन तास लागतात. तो पूर्ण भरात यायला चार तासांपर्यंत वेळ लागू शकतो. अंमल बारा तासांपर्यंत आणि उरलेसुरले परिणाम चोवीस तासांपर्यंत राहू शकतात. धुळवडीच्या थंडाईतील भांग उशिरा चढते आणि उशिरा उतरते, हा आपल्याकडचा जुना अनुभव याच कारणाने येतो.

डेन्व्हरमधील मृत्यू

मार्च २०१४ मध्ये डेन्व्हर येथे १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गांजाचे बिस्किट खाल्ले. मित्राने ते परवानाधारक दुकानातून आणले होते. त्यात एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते आणि एका वेळी सहावा हिस्साच खावा, असे विक्रेत्याने सांगितले होते. विद्यार्थ्याने आधी तेवढाच तुकडा खाल्ला. अर्धा ते एक तास काहीच जाणवले नाही, म्हणून त्याने उरलेले बिस्किट संपविले. पुढच्या दोन तासांत त्याचे बोलणे असंबद्ध आणि वागणे आक्रमक झाले. पहिल्या तुकड्यानंतर सुमारे साडेतीन तासांनी त्याने चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी घेतली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने या घटनेचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

पहिला तुकडा योग्य मापाचा होता. चूक झाली ती वेळेच्या अंदाजात. या घटनेनंतर कोलोरॅडोने १० मिलिग्रॅमचा प्रत्येक हिस्सा स्पष्टपणे वेगळा दिसलाच पाहिजे, असा नियम केला. कॅनडाने आणखी पुढे जाऊन संपूर्ण पाकिटातच १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असू नये, अशी मर्यादा घातली.

घरच्या ओव्हनमध्ये काय होते?

कॅनडात प्रौढ व्यक्तीला घरी गांजायुक्त पदार्थ बनविता येतात. त्यासाठी ज्वालाग्राही रासायनिक द्रावके वापरण्यास मात्र बंदी आहे. वयाची अट बहुतेक प्रांतांत १९, अल्बर्टात १८ आणि क्विबेकमध्ये २१ वर्षे आहे.

कच्च्या गांजात टीएचसी फारसे नसते. असते ते त्याचे आम्लरूप. ते उष्णतेनेच टीएचसीमध्ये बदलते. या क्रियेला 'डिकार्बॉक्सिलेशन' म्हणतात. म्हणून चुरा आधी साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास भाजला जातो. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे भाजलेला चुरा मंद आचेवर लोण्यात किंवा तेलात शिजवून गाळतात आणि तेच लोणी पिठात घालतात.

खरी अडचण मापाची आहे. दुकानातील पदार्थ प्रयोगशाळेत तपासलेला असतो. घरच्या ब्राउनीत किती टीएचसी उतरले, हे चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही. लोणी नीट मिसळले गेले नाही, तर एकाच ताटलीतील एक तुकडा फिका आणि दुसरा जहाल निघू शकतो.

साधा हिशेब

समजा, पाकिटावर टीएचसीचे प्रमाण २० टक्के आहे. एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम टीएचसी मिळेल. असा पाच ग्रॅम गांजा वापरून १६ ब्राउनी केल्या, तर १००० भागिले १६, म्हणजे प्रत्येकीत ६२ मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी येईल. डेन्व्हरच्या त्या अख्ख्या बिस्किटात जेवढे होते, जवळपास तेवढे. कॅनडाच्या दुकानात एवढ्यासाठी सहाहून अधिक पाकिटे घ्यावी लागतील.

त्याउलट अर्धा ग्रॅम गांजाचे २० तुकडे केले, तर एका तुकड्यात ५ मिलिग्रॅम येतात. प्रत्यक्षात भाजताना व गाळताना थोडे टीएचसी वाया जाते. हिशेब मात्र ते पूर्ण उतरले असे धरूनच करावा, म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला राहते.

समंजस सेवनाचे नियम

- नवख्याने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करावी. घरच्या ब्राउनीचा अंदाज नसेल, तर अगदी लहान कण पुरे.
- काहीच जाणवले नाही, तरी दुसरा तुकडा घेऊ नये. त्या दिवसापुरते तेवढ्यावरच थांबणे सर्वांत सुरक्षित.
- भूक लागली म्हणून हाच केक खाऊ नये. पोटभरीचे खाणे वेगळे ठेवावे.
- सोबत मद्य घेऊ नये. दोन्हींचे परिणाम एकमेकांना वाढवितात.
- त्या दिवशी वाहन चालवू नये. झोपून उठल्यावरही अंमल बाकी असू शकतो.
- गरोदर व स्तनदा मातांनी, तसेच स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांनी पूर्ण वर्ज्य करावे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.
- पाहुण्यांना सांगितल्याशिवाय असा पदार्थ कधीही वाढू नये. त्यात गंमत नाही, ती फसवणूक आहे.

सर्वाधिक धोका मुलांना

केक आणि चॉकलेट मुलांना गांजाचे वाटत नाही, खाऊच वाटते. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ चुकून खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ घटना नोंदल्या गेल्या. २०२१ मध्ये हा आकडा ३,०५४ वर गेला. यातील बहुतेक प्रकार घरातच घडले. मोठ्या माणसाला जी मात्रा सोसते, तीच लहान मुलाला गुंगी आणून श्वास मंद करू शकते. म्हणून असा पदार्थ कुलपात, नाव लिहिलेल्या डब्यात आणि रोजच्या खाऊपासून दूर ठेवावा. डायनिंग टेबलावर किंवा फ्रिजच्या उघड्या कप्प्यात तो असता कामा नये.

जास्त झाल्यास

छाती धडधडणे, तीव्र भीती, उलट्या, भास होणे, तोल जाणे ही लक्षणे दिसतात. प्रौढांमध्ये ती सहसा काही तासांनी ओसरतात. व्यक्तीला शांत जागी बसवावे, पाणी द्यावे, धीर द्यावा आणि एकटे सोडू नये. बाल्कनी, जिना व गाडीच्या किल्ल्या यांपासून दूर ठेवावे. छातीत दुखणे, श्वासाचा त्रास, झटके किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास कॅनडा व अमेरिकेत ९११ क्रमांकावर मदत मागावी. लहान मुलाने खाल्ले असल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजेपोटी माहिती लपविल्यास उपचारांना उशीर होतो.

भारतात कायदा काय म्हणतो?

'एनडीपीएस' कायदा, १९८५ नुसार गांजा आणि चरस बाळगणे, विकणे व आयात करणे हा गुन्हा आहे. त्यांचे कोणतेही मिश्रण हे देखील व्याख्येतच येते. त्यामुळे ब्राउनीला वेगळी सूट नाही. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात. भांगेची वाट त्यातूनच मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र भांगेवरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात दिलेला निकाल येथे महत्त्वाचा ठरतो. शिक्षेसाठी प्रमाण ठरविताना केवळ अमली द्रव्याचे नव्हे, तर त्यात मिसळलेल्या उदासीन पदार्थांसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे मैदा आणि साखरेचे वजनही आरोपीच्या खात्यात जमा होऊ शकते. चरसाचे व्यापारी प्रमाण एक किलो आहे आणि त्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने मुंबईत मालाडमधील एका बेकरीवर छापा घालून गांजाच्या ब्राउनी जप्त केल्या होत्या.

परदेशातून परतताना हे विशेष लक्षात ठेवावे. टोरोंटोच्या दुकानात रीतसर पावती घेऊन विकत घेतलेले चॉकलेटही सीमेपलीकडे नेण्यास कॅनडाच्या कायद्याने मनाई आहे. मुंबईच्या विमानतळावर ती पावती बचाव ठरत नाही. उलट सामानात नेमके काय आहे, याचा तो पुरावा ठरेल. परतीची बॅग भरताना मुलांनी दिलेल्या खाऊची पाकिटे आणि त्यांवरील चिन्हे एकदा वाचून घेतलेली बरी.