भयकथा
भयकथा : वाचकाच्या किंवा प्रेक्षकाच्या मनात भीतीची भावना जागविणे व ती काही काळ टिकवून धरणे, हे प्रधान प्रयोजन असलेला कथाप्रकार. भीतीचे कारण बाहेर आहे की मनात, यावरून तिचे स्थूलमानाने दोन प्रकार संभवतात. पहिल्यात भूत, पिशाच, शापित वास्तू इत्यादींचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. दुसऱ्यात संशय, अपराधभावना, एकाकीपणा किंवा दडपलेली इच्छा हीच भीतीचे रूप घेते आणि दिसले ते खरे की भास, याचा निर्णय शेवटपर्यंत होत नाही. या दुसऱ्या प्रकारास मानसिक भयकथा म्हणता येईल. विसाव्या शतकात मराठी कथेत आणि जपानमधील ॲनिमेशन मालिकांत तिचा विशेष विकास झाला.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायी भाव आहे. भेसूर आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य ही तेथे सांगितलेली त्याची कारणे प्रायः बाह्य आहेत. व्यवहारात नकोशी वाटणारी भीती कलेत हवीशी का वाटते, याचे विवेचन अभिनवगुप्ताने (दहावे–अकरावे शतक) केले. कालिदासाच्या शाकुंतलातील पाठलाग होणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन तो दाखवितो, की रसिकाला जाणवणारे भय ना हरिणाचे असते, ना त्याचे स्वतःचे. ते व्यक्ती, स्थळ व काळ यांपासून सुटलेले असते आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते. भयकथेच्या आकर्षणाचे मर्म या अलिप्ततेत आहे.

मराठी लोकसमजुतींत भुतांची एक रीतसर व्यवस्था आढळते. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, तर बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. अपुरी राहिलेली वासना हे या बहुतेक भुतांचे मूळ होय. म्हणजे माणसाच्या मनातील खंत बाहेर काढून तिला नाव, रूप व ठिकाण देण्याचे कार्य लोककथा करीत आली. मानसिक भयकथेने हा प्रवास उलटा केला आणि बाहेरचे भूत पुन्हा मनात आणून ठेवले.

पाश्चात्त्य साहित्यात होरेस वॉल्पोलच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) या कादंबरीपासून भयकथेची परंपरा सांगितली जाते. एडगर ॲलन पो (१८०९–४९) याने ती निवेदकाच्या विस्कटलेल्या मनाकडे वळविली. फ्रॉइडने १९१९ मधील एका निबंधात ओळखीचेच काही अकस्मात परके भासू लागते तेव्हा निर्माण होणाऱ्या भीतीची मीमांसा केली. मराठीत व्यक्तिमनाच्या सूक्ष्म चित्रणाची वाट दिवाकर कृष्ण यांच्या कथांनी दाखविली. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या रात्र काळी, घागर काळी (१९६२) सारख्या कादंबऱ्यांत वासना व पाप यांचे सावट, तर जी. ए. कुलकर्णी यांच्या काजळमाया (१९७२) मधील कथांत नियतीची दहशत आहे. या कृती भयकथा नव्हेत. तथापि भीतीचा उगम माणसाच्या आत शोधण्याची दृष्टी त्यांनी रुजविली.

प्रत्यक्ष भयकथेला वाचकवर्ग मिळवून देण्यात नियतकालिकांचा व दिवाळी अंकांचा वाटा मोठा आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा व भयकादंबरी विपुल प्रमाणात लिहिली. त्यांच्या समर्थ-कथांत अमंगल शक्ती बाहेरून येते व तिचे निवारणही होते. लुचाई व शपथ या कादंबऱ्यांवर स्टीव्हन किंग यांच्या कादंबऱ्यांची छाया स्पष्ट आहे. मात्र परकीय कल्पना वाड्यात, माजघरात व आजीच्या खोलीत आणून बसविण्याचे त्यांचे कसब स्वतःचे होते. त्यांच्या कथांचे ऋण तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटावर आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ‘गूढकथा’ ही संज्ञा पसंत केली. भुतापेक्षा माणसाच्या मनाचा तळ त्यांना अधिक गूढ वाटे. खेकडा, मध्यरात्रीचे पडघम इ. संग्रहांतील कथांत साध्या मध्यमवर्गीय घरातच काहीतरी बिनसू लागते. त्यांच्या कथांवरील गहिरे पाणी ही मालिका अल्फा मराठी वाहिनीने दाखविली.

जपानमध्ये उएदा आकिनारीच्या उगेत्सु मोनोगातारी (१७७६) पासून अद्‌भुत-भयकथेची समृद्ध परंपरा आहे. आधुनिक काळात एदोगावा राम्पो (१८९४–१९६५) या लेखकाने पोच्या नावावरून स्वतःचे टोपणनाव घेतले. ॲनिमेशनमध्ये चित्रित वास्तव व भास यांच्या रेषा एकाच हातच्या असल्याने एकातून दुसऱ्यात सहज सरकता येते. मानसिक भयकथेला हे माध्यम त्यामुळे अनुकूल ठरले. सातोशी कोन (१९६३–२०१०) याचा परफेक्ट ब्लू (१९९७) हा चित्रपट आणि सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन (१९९८) ही तेरा भागांची मालिका यांत नायिकांची स्वतःची ओळखच संशयास्पद होते. कोनच्या पॅरानोइया एजंट (२००४) या तेरा भागांच्या मालिकेत हातात वाकडी बॅट घेतलेला एक मुलगा लोकांवर हल्ले करतो. अखेर उलगडते, की एका मुलीने आपली चूक झाकण्यासाठी सांगितलेल्या खोट्या गोष्टीतून तो जन्मला. प्रत्येकाला आपल्या अडचणीतून सुटण्यासाठी असा हल्लेखोर हवा असतो. अफवेबरोबर तो वाढत जातो.

कथेत कल्पित असलेली ही प्रक्रिया समाजात प्रत्यक्ष घडते, याचे उदाहरण खानदेशात मिळते. धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या उत्तरेस सुरू होणाऱ्या सातपुड्याच्या पट्ट्यात, तसेच नंदुरबार जिल्ह्यात, काही वस्त्यांमध्ये डाकिणीची समजूत टिकून राहिली. मूल दगावले, गुरे मेली किंवा आजार हटेना, की कारण विचारले जाते आणि एखाद्या स्त्रीकडे, पुष्कळदा विधवेकडे वा एकाकी वृद्धेकडे, बोट दाखविले जाते. मारहाण, गावातून हकालपट्टी, प्रसंगी हत्या असे याचे परिणाम होतात. जमिनीचे वाद व जुनी वैरेही या आरोपामागे दडलेली असतात. ही समजूत केवळ या भागापुरती मर्यादित नाही. तिच्या विरोधात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने प्रबोधन केले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला छळणे हा गुन्हा ठरविला.

भयकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असा आक्षेप घेतला जातो. भुताचे अस्तित्व निःशंकपणे मांडणाऱ्या कथांच्या बाबतीत तो सर्वस्वी निराधार नाही. मानसिक भयकथेचा रोख मात्र वेगळा आहे. डाकीण ठरविणारा समाज आपली भीती दुसऱ्याच्या माथी मारतो. ही कथा ती भीती जिथून निघाली त्या मनाकडे परत नेते. तिचे आकर्षण केवळ थरारात नसून, एरवी नाकारलेले स्वतःचे भय सुरक्षित अंतरावरून ओळखण्याच्या या संधीत आहे.