हरवलेला साक्षीदार : ‘कुलीन कांता’

बुलढाणें जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें ऑक्टोबर १७२४ मध्यें एक निर्णायक लढाई झाली. तींत मुबारिजखान पडला आणि निजामुल्मुल्काच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. आज तीन शतकांनंतरही त्या दिवसाची हकीकत सांगतां येते. कारण ती तवारिखांच्या कागदांवर उतरली होती. त्या लढाईनंतर दोन शतकांनीं, १९२५ सालीं, दुसऱ्या एका संस्थानास हादरविणाऱ्या गुन्ह्यावर मुंबईंत ‘कुलीन कांता’ हा मूकपट निघाला. त्याची हकीकत कागदावर नव्हे, फितीवर होती; आणि ती फीत नाहींशी झाली आहे.

तो गुन्हा असा. १२ जानेवारी १९२५ च्या सायंकाळीं मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारींतून आलेल्या टोळीनें अडविली. बावलासमवेत मुमताज बेगम होती. इंदूरच्या दरबारांतून निसटून आलेल्या या नर्तकीस बळानें परत नेण्याचा टोळीचा बेत होता. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. इतक्यांत गोल्फ खेळून परतणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी तेथें पोंचले. एकानें तर हातांतील गोल्फच्या काठीनेंच प्रतिकार केला. मुमताज वांचली, बावला मात्र मरण पावला.

न्यायमूर्ति क्रंप यांच्यापुढें नऊ आरोपींवर खटला चालला. बचावाच्या बाजूस बॅरिस्टर जिना होते. तिघांस फांशीची शिक्षा झाली आणि प्रीव्ही कौन्सिलकडे दाद मागूनही निकाल फिरला नाहीं. गोळी कोणी झाडली, हें न्यायालयानें ठरविलें. ती कोणाच्या इच्छेनें झाडली गेली, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यावर खटला कधींच चालला नाहीं. सरकारनें चौकशी किंवा गादीत्याग असे दोन मार्ग पुढें ठेविले, तेव्हां फेब्रुवारी १९२६ मध्यें त्यांनीं गादी पुत्र यशवंतराव यांच्या स्वाधीन केली.

कोहिनूर फिल्म कंपनीनें होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘कुलीन कांता’ काढला, तो या गादीत्यागाच्या आधीं, प्रकरण ताजें असतांनाच. संस्थानिकांविरुद्ध अप्रीति पसरविणाऱ्या लिखाणास शिक्षा करणारा कायदा १९२२ सालींच झाला होता आणि चित्रपट तपासण्यासाठीं मुंबईंत १९२० पासून परीक्षण मंडळ होतें. परंतु कोहिनूरला असलें साहस नवें नव्हतें. तिच्या १९२१ च्या ‘भक्त विदुर’ मधील विदुर महात्माजींसारखा दिसतो, म्हणून मद्रासेंत त्यावर बंदी आली होती.

खटल्याची हकीकत वर्तमानपत्रांनीं सविस्तर छापली. पण ती वाचणारे थोडे. मूकपटाचें तसें नसे. पडद्यावरील मजकूर साक्षर प्रेक्षक मोठ्यानें वाचीत आणि शेजारचे निरक्षर ऐकत. चित्र तर सर्वांनाच कळे. एका संस्थानाच्या दरबाराशीं जोडलेला गुन्हा कामगार, फेरीवाले आणि गृहस्थ यांनीं एकाच अंधारांत बसून पाहावा, हा प्रसंग आपल्याकडे अपूर्व होता.

१९३१ सालीं ‘आलम आरा’नें बोलपटाचें युग सुरूं केलें आणि मूकपटांची किंमत संपली. त्यांच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे चटकन् पेट घेणाऱ्या आणि उष्ण दमट हवेंत कुजणाऱ्या. पुष्कळशा फिती त्यांतील चांदीसाठीं मोडींत गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. हिंदुस्थानांत निघालेल्या सुमारे तेराशें मूकपटांपैकीं अखंड वा तुटक मिळून तीसही शिल्लक नाहींत.

अशा रीतीनें बावला प्रकरणाची सरकारी बाजू निकालपत्रांत सुरक्षित राहिली. लोकांना दाखविलेली बाजू राखण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. इतिहास पुष्कळदां असा एकतर्फी होतो. तो कोणी खोटा लिहितो म्हणून नव्हे, तर दुसरा साक्षीदार जपला गेला नाहीं म्हणून. घराच्या माळ्यावर जुनी जाहिरात, चित्रपटाची पुस्तिका किंवा गंजका डबा सांपडला, तर तो रद्दींत टाकण्यापूर्वीं एवढें स्मरावें.