अर्ध्या घराला बक्षीस

भवानीनगरच्या साखर कारखान्याची मोळी पडायची वेळ आली की ऊसतोडीच्या टोळ्या मुक्कामाला येतात. पहिल्या संध्याकाळी माळावर काय दिसतं? चार बांबू, आणि वर पाचटाचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर. दुसऱ्या दिवशी दाराशी चूल बसते. मग आडोशाची न्हाणी होते, बैलांसाठी दावण होते. पंधरवड्यात कोपी चांगली वाढलेली असते. हिला घर म्हणावं की नाही? युरोपातल्या वास्तुकलेच्या पारितोषिकांची हकिकत मी इथूनच सुरू करतो, कारण अर्धवट घराचा हा प्रश्न तिथल्या परीक्षकांपुढंही येऊन उभा राहिला.

युरोपातल्या समकालीन वास्तूंसाठीचं एक मोठं पारितोषिक बार्सिलोनाहून दिलं जातं. मीस व्हान डर रोह या जर्मन वास्तुशिल्प्याचं नाव त्याला आहे. १९८८ साली पहिलं पारितोषिक मिळालं ते पोर्तुगालमधल्या एका बँकेच्या इमारतीला. अल्वारो सिझा तिचे शिल्पकार. पुढं २००९ साली ऑस्लोचं संगीतनाट्यगृह, २०१३ साली रेक्याविकचं संगीत सभागृह. इमारती देखण्या, यात शंका नाही. पण तिथं कुणी संसार मांडत नाही.

२०१७ साली मात्र नवल घडलं. ॲमस्टरडॅममध्ये क्लाइबुर्ख नावाची सुमारे चारशे मीटर लांबीची, पाचशे बिऱ्हाडांची चाळवजा इमारत पाडायची ठरली होती. शेवटी ती एका युरोला विकली गेली. घेणाऱ्यांनी सांगाडा, जिने, लिफ्ट, सज्जे एवढंच नीट केलं. आत ना मोरी, ना स्वयंपाकाचा ओटा, ना खोल्यांच्या भिंती. जो घेईल त्यानं आपल्या ऐपतीनं आणि आवडीनं आतलं घर उभारावं! या कामाला त्या वर्षीचं पारितोषिक मिळालं. २०१९ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या ५३० जुन्या घरांना मिळालं. तिथं रहिवाशांना न हलवता प्रत्येक घराला बाहेरून काचेची प्रशस्त पडवी जोडून दिली होती.

आता आपल्याकडं वळू. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. एकत्र कुटुंब, दोन पिढ्यांचा लाकडी सामानाचा धंदा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, मग पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली राबले. लंडनच्या वास्तुशिल्पी संस्थेचं, १८४८ पासून चालत आलेलं राजसुवर्णपदक त्यांना २०२२ साली मिळालं. त्याआधी २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिकही मिळालं होतं. सत्कार झाले, छायाचित्रं छापून आली. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम इंदूरला आहे.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत, १९८०च्या दशकात, सुमारे साडेसहा हजार घरांची आखणी झाली. सगळ्यांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. गरिबाला तयार घर द्यायचं तर पैसे पुरत नाहीत. म्हणून दोशींनी जोतं दिलं, संडास-न्हाणी दिली, पाणी दिलं, फार तर एक खोली. बाकीचं बिऱ्हाडानं जमेल तसं बांधावं. कुणी मुलाच्या लग्नाला माडी चढवली असेल, कुणी ओट्यावर दुकान थाटलं असेल. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळालं. क्लाइबुर्खच्या बावीस वर्षं आधी!

कुणी म्हणेल, हे गरिबाला अर्ध्यावर सोडणं झालं. तसं नाही. भिंत माणूस स्वतः रचतो, पण मैलापाण्याचा नळ एकट्यादुकट्यानं गावभर टाकता येत नाही. दोशींनी जे अवघड ते आधी पुरवलं आणि सोपं ते माणसावर सोपवलं. ॲमस्टरडॅमलाही लिफ्ट आणि जिने आधी झाले, मगच चावी हातात पडली.

कोपीचं अडतं ते इथंच. बांधणाराच्या हातात कसब आहे. पण खाली जोतं नाही, नळ नाही, जमीन आपली नाही. कारखान्याचा पट्टा पडतो, टोळीचा मुकादम हिशेब करतो, आणि पाच-सहा महिन्यांत वाढलेलं ते घर एका सकाळी सोडलं जातं. बांबू चांगले असतील तर गाडीवर चढतात. पाचट तिथंच पडून राहतं.