प्रीकास्ट काँक्रीट : कामाचा वेग आणि सांध्यांची कसोटी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरील एक लहानसे स्थानक. येथून पुढे हा मार्ग जंगल आणि डोंगरांतून छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. गाडीतील प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. पण ज्या काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ टेकलेले असतात, ते स्लीपर म्हणजे प्रीकास्ट काँक्रीटचा सर्वांत परिचित नमुना होय. गोंदिया ते डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या चौथ्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. दरेकसा याच टप्प्यात येते. साधारण ६० सेंटिमीटरला एक, म्हणजे किलोमीटरला सुमारे १,६६० स्लीपर धरले, तर केवळ मुख्य मार्गासाठीच १ लाख ३९ हजारांहून अधिक स्लीपर लागतात. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचा प्रत्येक स्लीपर जंगलात जागेवर ओतणे केवळ अशक्य आहे.

प्रीकास्ट म्हणजे काय?

नेहमीच्या पद्धतीत बांधकामाच्या जागेवरच सेंट्रिंग उभारून, सळई बांधून काँक्रीट ओतले जाते. प्रीकास्ट पद्धतीत खांब, तुळई, स्लॅब, भिंती किंवा मोऱ्यांचे चौकोनी भाग कारखान्यात लोखंडी साच्यांत तयार करतात आणि नंतर क्रेनच्या साहाय्याने जागेवर जोडतात. स्लीपरमध्ये तर काँक्रीट ओतण्यापूर्वी पोलादी तारा ताणून ठेवलेल्या असतात. काँक्रीट कठीण झाल्यावर तारा सोडल्या, की ते आतून दाबले जाते आणि गाडीच्या भाराने त्याला सहजासहजी तडे जात नाहीत.

वेळेची बचत

पहिला लाभ वेळेचा. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सहा मीटरहून लांब तुळईखालील टेकू सर्वसाधारणपणे २१ दिवस काढता येत नाहीत. कारखान्यात वाफेच्या साहाय्याने काँक्रीट लवकर पक्के करून तोच साचा दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतो. शिवाय जागेवर पायाचे काम चालू असतानाच कारखान्यात वरचे भाग तयार होत राहतात. सिडकोने २०२२ मध्ये नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे १२ मजली इमारतीतील ९६ घरे ९६ दिवसांत उभी केली, ती याच तंत्राने.

दरेकशासारख्या भागात जून ते सप्टेंबर पावसामुळे उघड्यावरचे काँक्रीटकाम रखडते. छपराखालील कारखान्याला ही अडचण येत नाही. चालू रेल्वेमार्गाखाली मोरी बसवायची असल्यास वाहतूक काही तासच थांबवता येते. एवढ्या अवधीत तयार भाग बसवता येतात. ओले काँक्रीट पक्के होण्याची वाट पाहता येत नाही.

दर्जा आणि पर्यावरण

दुसरा लाभ दर्जाचा. पाणी-सिमेंटचे प्रमाण, सळईवरील आवरणाची जाडी आणि क्युरिंग यांवर कारखान्यात नियंत्रण ठेवता येते, तसेच सदोष भाग बसवण्यापूर्वीच बाजूला काढता येतो. लाकडी सेंट्रिंग, वाळू-खडीचे ढिगारे आणि जागेवरील पाण्याचा वापर कमी होतो. पूर्वी रुळांखाली लाकडी स्लीपर असत. त्यांची जागा काँक्रीटने घेतल्यामुळे रेल्वेची जंगलातील लाकडाची गरज मोठ्या प्रमाणात घटली.

मर्यादा कोणत्या?

मात्र हे तंत्र सर्वत्र स्वस्त पडते असे नाही. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे अडीच टन असते. आतून दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच, २० सेंटिमीटर जाडीच्या मोरीचा एक मीटर लांबीचा भागही जवळजवळ साडेचार टनांचा होतो. तो नेण्यासाठी ट्रेलर, उचलण्यासाठी क्रेन आणि दोन्ही पोहोचतील असा रस्ता हवा. एकाच आकाराचे शेकडो भाग लागत असतील तरच साच्यांचा खर्च वसूल होतो. गावातील एखाद्या घरासाठी जागेवरचे काँक्रीटच परवडते.

याहून गंभीर प्रश्न सांध्यांचा आहे. लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला आणि भिंतींचे तयार फळे एकावर एक कोसळत इमारतीचा एक कोपराच ढासळला. त्यात चौघांचा मृत्यू झाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील प्रीकास्ट भागांच्या अनेक शाळांची छपरे भिंतींशी पुरेशी बांधलेली नसल्याने कोसळली. दोन्ही ठिकाणी जोडणी कच्ची ठरली.

उभारणीतील जोखीमही दुर्लक्षून चालत नाही. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ पुलाचे काम सुरू असताना ऑगस्ट २०२३ च्या प्रारंभी गर्डर उभारणारी अजस्र यंत्रणा कोसळून २० जणांना प्राण गमवावे लागले. कारखान्यात वाचलेला वेळ उभारणीच्या घाईत उधळला गेला, तर त्याची किंमत मजुरांना मोजावी लागते.

म्हणूनच प्रीकास्ट बांधकामाची पाहणी करताना तयार भागाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर समाधान मानू नये. सांध्यातील सळया एकमेकींत गुंतवल्या आहेत का, पोकळीत ग्राउट पूर्ण भरले आहे का आणि उचलण्याच्या कड्यांची चाचणी झाली आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळायला हवीत. दुर्गम भागातील कामांना या तंत्राचा लाभ निश्चित आहे. पण सांधे पक्के असतील तरच तो टिकतो.